कळकलेलं सरबत

मृण्मयी शाळेतून आली ती पोट धरूनच. दप्तर दारात टाकून तिने बेसिन गाठलं आणि भडाभडा ओकली. आठवड्यात ही तिसरी उलटी. सात वर्षांच्या पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"बाहेरचं काही खाल्लंस?" लतिकाने घाबरून विचारलं.

"नाही गं आई. तुझं सरबतच प्यायले."

गंगापूर रोडवरच्या त्या घरात कोल्ड्रिंकला बंदी होती. लतिका मुलीला तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत देई, आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेलं. येवल्याहून आलेल्या सासूबाईंनी, सिंधुबाईंनी, बाटलीतला थेंब जिभेवर घेतला आणि थुंकला.

"अगं, हे कळकलंय!"

"आई, हा कुठला शब्द?" लतिकाचा नवरा विहंग हसला.

"तांब्यात आंबट ठेवलं का कळकतं. आम्ही बिनकल्हईच्या भांड्यात ताकबी ठेवत नव्हतो."

"पण तांबं तब्येतीला चांगलं असतं ना?" लतिका म्हणाली.

"पाण्यापुरतं, बाई. लिंबाला नाय."

दवाखान्यात डॉक्टर अंजलींनी सगळं ऐकून घेतलं. "सासूबाई बरोबर आहेत. आंबट पेयात तांबं उतरतं. शरीराला ते लागतं, पण कणभर. जास्त झालं की उलट्या, पोटदुखी. महिनोन्‌महिने जात राहिलं तर यकृतावर बेततं. रक्त तपासू, पण वेळेत आलात."

हायसं वाटायच्या आतच लतिका गोठली. मृण्मयीच्या वाढदिवसाला तिने वर्गातल्या प्रत्येक मुलाला तशीच बाटली दिली होती. वर 'सरबत भरून द्या' असा सल्लाही! आणि उद्या वर्गाची सहल होती.

"ग्रुपवर नुसतं 'बाटली वापरू नका' एवढंच टाक," विहंग कुजबुजला. "लोक आपल्याला नावं ठेवतील."

"ठेवू देत! कारण कळल्याशिवाय कोण ऐकेल?"

तिने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'मी दिलेल्या बाटलीत सरबत भरू नका. आंबटात तांबं उतरतं. माझी मुलगी त्यानेच आजारी पडली. चूक माझी आहे.'

मग वर्गातल्या वेदिकाच्या आईचं, भाग्यश्रीचं उत्तर आलं, 'वेदिका कालपासून ओकतेय. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. दवाखान्यात निघालो.'

विहंगने तो मेसेज दोनदा वाचला. या वेळी तो हसला नाही.

वाचकहो, तशी बाटली तुमच्याही घरात असेल. तिच्यात फक्त साधं पाणी भरा. लिंबू, ताक, कोकम, फळांचा रस काचेत किंवा चांगल्या स्टीलमध्येच ठेवा. आणि घरातलं कुणी 'कळकलंय' म्हणालं, तर शब्दाला हसत बसू नका. आधी ओतून द्या!