पंपाची जागा

बीडमधल्या त्या अपार्टमेंटच्या साइटवर काय कुठे ठेवायचं, याचा नकाशा मी काढला. इंजिनिअर मीच, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. प्लॉट एवढासा. त्यात वाळू, खडी, सळई, सिमेंटचं गोदाम, पाण्याचा हौद आणि उरलेल्या कोपऱ्यात शहादेव-चतुराबाईची पत्र्याची खोली. दोघं मजुरी करायचे, साइट राखायचे.

दरवर्षी शिरूर कासारहून ऊस तोडायला जाणारी ही माणसं. यंदा गेली नाहीत, कारण मुलगी पंचशीला दहावीला होती. परीक्षेपर्यंत खोली हलणार नाही, असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. तिला जवळच्या शाळेत घातलं, तेव्हा अर्जावर फोन नंबरही माझाच दिला.

दिवाळीनंतर मालक मोहनरावांनी स्लॅबचं काँक्रीट पंपाने चढवायचं ठरवलं. माझ्या नकाशात हा ट्रकवरचा पंप नव्हताच. त्याची लांबी-रुंदी माहितीपत्रकातून घेऊन मी दोन दिवस कागदावर सगळं सरकवत बसलो. पंप फक्त खोलीच्या जागी बसत होता. मोहनराव म्हणाले, मग विचार कसला करता?

खोली काढावी लागेल म्हटल्यावर शहादेव भांडी आवरायला लागला. भाड्याची खोली परवडणारी नव्हती, वसतिगृह जूनमध्येच भरलेलं. चतुराबाई मात्र नकाशावर वाकली.

"साहेब, पोरीपुरती तरी जागा काढा. सिमिटाच्या गोदामात निजंल ती. लई जागा न्हाई लागत तिला."

गोण्यांना ओल लागू नये म्हणून त्या गोदामात मी फळ्या टाकून घेतल्या होत्या. पण एकटी पोरगी, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल, असं म्हणून मी हात वर केले. मी भित्रा माणूस आहे.

तिसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर आला. पेपरला मी येईन, असं मला सांगून पंचशीला आईबापामागोमाग दप्तरासकट वर चढली.

आठवड्याने पंप आला. ड्रायव्हरने खाली उतरून खोलीच्या जागी पाय आपटून पाहिला.

"हितं न्हाई लागत गाडी. भराव हाय, खचंल."

त्याने पंप रस्त्यावर उभा केला. सगळे स्लॅब तिथूनच टाकून झाले. त्याला आधी एक फोन करायचं मला सुचलं नव्हतं.

मार्चमध्ये पहिल्या पेपरला शाळेतून फोन आला, की मुलगी आलेली नाही, तुम्ही तिचे कोण? कुणी नाही, मी म्हणालो. खोलीच्या त्या मोकळ्या जागेत मी तेव्हा मोटारसायकल लावत होतो.