मला भिंतीवर टांगू नका

मी थर्मामीटर बोलतोय. काखेत धरून ताप बघतात तो नव्हे, सफरचंदाच्या बागेतला. माझ्या नळीतली लाल रेघ जराशी खाली सरकली की माणसांची झोप उडते. त्यामुळे माझ्याकडे हसत हसत कोणी बघितल्याचं मला आठवत नाही.

डोंगरातल्या एका गावात काच फुंकून मला घडवलं. कारागिराने मला वितळत्या बर्फात बुडवलं, रेघ जिथे थांबली तिथे खूण केली आणि शून्य लिहिलं. जगाशी माझी पहिली ओळख ती. म्हणूनच की काय, थंडीची मला कधी भीती वाटली नाही. थंडी चुकीची सांगण्याची मात्र वाटते.

हार्मने मला बाजारातून आणलं. एल्ब नदीच्या बांधामागे त्याची बाग आहे. त्याने मला घराचं तोंडही दाखवलं नाही. थेट बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात नेलं आणि पाण्याच्या चराच्या काठी, एका खुंटावर गुडघ्याइतक्या उंचीवर टांगलं. थंड हवा पाण्यासारखीच उताराने खाली येते आणि तिथे साचून राहते. तिथल्या झाडांना सगळ्यात आधी फटका बसतो, म्हणून तिथला आकडा खरा, असा त्याचा हिशेब होता.

शेजारच्या डीर्कने आपला थर्मामीटर स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी लावला होता. हार्म त्याला सोडायचा नाही.

"डीर्क, तुझा थर्मामीटर हवा मोजत नाही, तुझ्या बायकोचं सूप मोजतो."

"मोजू दे की," डीर्क म्हणायचा. "चहा पिता पिता बघता येतो. तू बस चिखल तुडवत."

माणसांची ही खोड मी तेव्हापासून बघतोय. जिथे आवडता आकडा दिसेल तिथेच त्यांना खिळा ठोकायचा असतो.

थट्टा कितीही चालली तरी दोघांचा पंप एकच होता आणि चरही एकच. बहरात गारठा शून्यावर उतरू लागला की पंप सुरू व्हायचा आणि फवारे झाडांवर पाणी उडवायचे. पाणी फुलांवर गोठायचं. नवख्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटतो, पण गोठताना पाणी थोडी ऊब सोडतं, आणि ते पडत आणि गोठत राहतं तोवर त्या बर्फाच्या आत फूल जगतं. मध्येच पाणी थांबलं तर मेलंच. उशिरा सुरू केलं तरी मेलं, आणि फार लवकर सुरू केलं तर पहाटेच्या आत चर आटतो. सगळी मदार माझ्यावर असायची, आणि तिथे खाली मी कधी कोणाला तोंडघशी पाडलं नाही.

मग तो वसंत आला. हिवाळ्यात हार्मला हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, धावपळ नाही, जागरण नाही, चिंता तर मुळीच नाही. एप्रिलमध्ये सफरचंदवाल्याने चिंता करायची नाही म्हणजे काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

त्यातून मार्च नको तितका उबदार गेला. झाडं फसली आणि वेळेआधीच फुलली. मे महिन्यात थंड सोफीचा दिवस, म्हणजे शेवटच्या गारठ्याचा मानलेला सण, पार पडेपर्यंत इथलं कोणी वसंतावर भरवसा ठेवत नाही, पण फुलांना कोण सांगणार? आणि रेडिओवर अंदाज आला: ईशान्येकडून कोरडी थंड हवा, आभाळ निरभ्र, वारा पडणार, सखल भागात शून्याखाली.

ते ऐकलं आणि हार्मची बायको विब्के तडक खाली आली. तिने मला खुंटावरून काढलं, घरी नेलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीबाहेर, चुलीचं धुराडं जातं बरोबर तिथे खिळा ठोकून टांगलं.

"आता खुर्चीतूनच बघ," ती हार्मला म्हणाली. "बाहेर पडायचं नाहीस."

माझा जीव टांगणीला लागला. पाठीला ऊब आणि तोंडावर धडधडीत खोटं! हार्म चष्मा सावरून बघायचा, मी चार अंश दाखवायचो. तो मान डोलवायचा, "बरं आहे," म्हणायचा आणि निमूटपणे सूप प्यायचा. मला काचेसकट फुटून जावंसं वाटायचं. विब्के मात्र अंगणातून हळूच खाली जायची. मी नसलेल्या त्या खुंटापाशी तिने पाण्याची बशी ठेवली होती, आणि दुधावर साय धरावी तसा पाण्यावर बर्फ धरतो का ते ती बोटाने चाचपून बघायची.

ज्या संध्याकाळी वारा पडला, त्या संध्याकाळी बशीत बर्फाची साय बोटाला लागताच ती धापा टाकत कुंपणाशी आली आणि डीर्कला म्हणाली की पंप लाव. तो म्हणाला, एवढ्यात? माझा थर्मामीटर साडेतीन दाखवतोय. चरात पाणी मुळात कमी, आत्ता लावलं तर सकाळ गाठणार नाही. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हा तुमचाच बघ ना. चार! आयुष्यभर मला चिडवलं, आणि शेवटी तुम्हीही भिंतीवरच आलात."

विब्के काय सांगणार? नवरा खिडकीत बसला होता. खरं सांगावं तर तो घाबरा होणार, न सांगावं तर वर्षाचा बहर जाणार. तिने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माझी रेघ चारावर ढिम्म उभी होती. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

तेवढ्यात खिडकी उघडली.

"विब्के, त्याला काढ तिथून," हार्म म्हणाला. "खाली ने."

"हार्म, तू..."

"पहिल्या दिवशीच कळलं मला. तीस वर्षं मी या डीर्कला काय सांगतोय? मी मान डोलवली की तुझा चेहरा निवळायचा, म्हणून डोलवत होतो. जा आता."

ती मला एप्रनमध्ये धरून धावली. खुंटावर टांगलं तेव्हा मी जो खाली आलो तो शून्याशी येऊन थांबलो. मागोमाग आलेल्या डीर्कने वाकून बघितलं आणि तो तडक पंपाकडे पळाला.

सकाळी सूर्य वर आला तेव्हा बाग पांढरीफटक होती आणि मीही बर्फात गच्च होतो. ऊन बघून पंप बंद करायला डीर्कचा हात बटणाकडे गेला. खिडकीतून हार्मने तळहात दाखवला: थांब. बर्फ आपसूक फांद्यांवरून घसरू लागला, तेव्हाच त्याने हात खाली घेतला.

विब्केने माझ्या शेजारचीच एक डहाळी तोडून त्याच्याकडे नेली. त्याने नखाने फूल उभं चिरलं. आतून काळं निघालं तर संपलं. मला इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज शांत हवेत स्वच्छ आला.

"हिरवं आहे."

पलीकडच्या टोकाच्या ओळी गेल्या. तिथे पाणी पुरलं नाही. बाकी बहर राहिला. हार्मने त्या वर्षीची सफरचंदं खाल्ली आणि पुढच्याही वर्षीची. त्यानंतरची नाही.

आज मी म्हातारा आहे, माझे आकडे पुसट झालेत. घरात आता गारठा पडला की शिट्टी मारणारं यंत्र आलंय, तरी रेडिओने सखल भागाचं नाव घेतलं की विब्के काठी टेकत खाली येते आणि मला बघून जाते. मी इथेच आहे, कोपऱ्यात, थंडीत. माझं एवढंच मागणं आहे: घरातल्या आजारी माणसाशी प्रेमाने खोटं बोलायचं तर खुशाल बोला, पण ते तुमच्या तोंडाने बोला. मला भिंतीवर टांगू नका.

धुराड्याजवळचा तो खिळा तिने उपटला नाही. तिथे आता हार्मची टोपी असते. त्या टोपीला ती ऊब लाभू दे.