साडेचार मात्रा

सतराव्या बारमध्ये, म्हणजे स्वरलेखनाच्या सतराव्या कप्प्यात, सुश्रुतला चूक सापडली आणि त्याच्या जिवात जीव आला. लॅपटॉप पुढे ओढून त्याने गुडघ्यावर बोट आपटत पुन्हा मोजलं. चारच्या जागी साडेचार मात्रा. सॉफ्टवेअरनेही तेवढा कप्पा लाल करून ठेवला होता.

माधवराव सरांच्या बारा गिटार-रचनांचं पुस्तक निघायचं होतं. महाराज बाड्यामागच्या छापखान्याशी बोलणंही झालं होतं. पण रचना कागदावर कधी आल्याच नव्हत्या. त्या सरांच्या बोटांत होत्या, आणि गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर सरांचा उजवा हात मांडीवरून हलत नव्हता. त्या टॅबमध्ये उतरवायच्या, म्हणजे सहा तारांच्या सहा रेघा ओढून कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं ते आकडे लिहायचे. हे काम सरांनी मधुवंतीला दिलं. तिला शिकायला लागून जेमतेम चार वर्षं झाली होती. सुश्रुत पंधरा वर्षं टोपी बाजारातल्या सरांच्या घराचा हा जिना चढला होता, आणि त्याला सांगितलं काय, तर छापण्याआधी एकदा नजर टाक.

आयत्या बिळावर नागोबा, असं तो घरी बायकोला म्हणाला होता. तिने विचारलं, तुला ते सॉफ्टवेअर तरी येतं का? त्याच रागात त्याने दोन दिवसांत सॉफ्टवेअर शिकून घेतलं. आणि आता सोळा बार होईपर्यंत त्याचा जळफळाट वाढतच गेला होता, कारण पोरीने काम चोख केलं होतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

सर समोर आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. मधुवंती आत सरांच्या पत्नी मंदाताईंना चहाला मदत करत होती. सुश्रुतने त्या कप्प्यातली जास्तीची अर्ध्या मात्रेची विश्रांती, म्हणजे न वाजवता थांबायची जागा, निवडली आणि खोडली. लाल रंग गेला. फाइल सेव्ह करून त्याने तिला हाक मारली आणि सरांनाही ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की अर्धी मात्रा जास्त पडली होती, त्याने काढून टाकली आहे. तशीच छापून आली असती तर सरांचं हसं झालं असतं.

मधुवंती ओढणीला हात पुसत आली. स्क्रीन पाहून ती ओशाळली नाही. तिने सरांकडे पाहिलं.

"दादा, ते लालच ठेवायचं होतं. सॉफ्टवेअर को क्या पता."

"गलत आहे म्हणूनच लाल झालं होतं ना?" सुश्रुत म्हणाला.

सरांनी डोळे उघडले. आजारपणापासून त्यांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागे.

"गलत नाही. तुझं आहे ते."

सुश्रुतला काही उमगेना. मग सर थांबत थांबत सांगत गेले. चौदाव्या वर्षी सुश्रुतचा पंजा लहान होता. या सतराव्या बारमध्ये पाचव्या पडद्यावरून बाराव्यावर उडी मारताना तो रोज उशिरा पोचायचा. त्याच्यापुढे डोकं फोडण्यात सरांचं वर्ष गेलं. पुढे तो सुधारला, मुरारला त्याने स्वतःचा क्लास काढला, आणि इकडे येणं गुरुपौर्णिमेपुरतं उरलं.

"तू यायचा बंद झालास," सर म्हणाले, "मग मीच तिथे उशिरा पोचायला लागलो. बरं वाटायचं. हिलाही तसंच शिकवलं."

इतके दिवस मनात साचलेलं सुश्रुतने शेवटी विचारलंच.

"मग हे काम मला का नाही दिलं, सर?"

"तू ते दुरुस्त केलं असतंस."

त्याने गुपचूप अर्धी मात्रा परत घातली. सरांनी डाव्या हाताने गिटारकडे खूण केली. सुश्रुतने गिटार घेतली, तारा लावल्या आणि वाजवायला लागला. सोळा बार झाले. इथे थांबायचं, असं त्याने मनाशी बजावलं होतं, तरी बोट वेळेवर, अगदी टोल्यावर बाराव्या पडद्यावर जाऊन बसलं. वर्षानुवर्षं मेट्रोनोम लावून त्याने ते तसं बसवलं होतं. दुसऱ्यांदा तो थांबला, पण मोजून थांबला, आणि मोजलेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं. सुश्रुतने गिटार मधुवंतीपुढे धरली.

ती वाजवू लागली. सतराव्या बारला तिचा हात उडीसाठी उठला, मध्ये जरा रेंगाळला, पोचेल की नाही असं वाटेपर्यंत, आणि पोचला. सरांची मान हलली. सुश्रुतला हेवा वाटला, आजवर वाटला नव्हता इतका. पण तो मधुवंतीचा नव्हता, उशिरा पोचणाऱ्या त्या चौदा वर्षांच्या पोराचा होता.

मंदाताईंनी चहा आणून ठेवला. कुणी कप उचलला नाही.

"पुन्हा वाजव," सुश्रुत म्हणाला.

"कुठून, दादा?"

"सोळाव्यापासून. जरा धीरे. मला हात बघू दे."