मंजुळाबाईंचे तीन कोंबडे

शिरड शहापूरच्या मंजुळाबाईंच्या परसात कोंबड्या होत्या नऊ आणि कोंबडे तीन. तिघेही एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेले. त्यांच्या आईला मांजरानं नेलं तेव्हा मंजुळाबाईंनी पिल्लं चुलीजवळ टोपलीत ठेवून वाढवली होती.

सून पुनम दिवाळीपासून सांगत होती, "आत्याबाई, नऊ कोंबड्यांना एक कोंबडा लई झाला. पाठी बघा त्यांच्या, पिसं राहिली न्हाईत. अंडी बी कमी झाली."

"हातानं भरवलेत मी. कोणता देऊ, तूच सांग," असं म्हणून मंजुळाबाई विषय संपवायच्या.

माघातल्या एका सकाळी तांबडा आणि काळा पाण्याच्या घमेल्याशी जुंपले. काळ्याचा तुरा फाटून रक्त गळायला लागलं. मंजुळाबाई सूप घेऊन मधे पडल्या. तांबडा गर्रकन वळला आणि त्यांच्याच अंगावर उडाला. त्याच्या पायामागचं अणकुचीदार नख उजव्या नडगीत रुतलं.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. नवरा उकंडराव आणि मुलगा वैजनाथ शेतावर होते, पुनम बोअरवर धुणं धूत होती. मंजुळाबाईंनी जखमेत हळद भरली, चिंधी बांधली आणि लुगडं खाली ओढून घेतलं.

त्यांना सहा वर्षांपासून शुगर होती. गोळी आठवली तर घ्यायच्या. मागच्या गल्लीतल्या जिवनबाईलाही शुगरच होती. तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला, अंगठा काळा पडला आणि नांदेडला नेऊन गुडघ्याखाली पाय कापावा लागला. आता ती दिवसभर ओट्यावर बसून असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. नख लागल्यापासून मंजुळाबाईंनी त्या गल्लीनं जाणंच सोडलं.

चौथ्या दिवशी जखमेभोवती लाल झालं. हात लावला तर गरम लागायचं. बोललं की दवाखाना, दवाखान्यातून नांदेड आणि नांदेडला पाय जाणार, एवढं सरळ गणित त्यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून त्या गप्प राहिल्या. जेवणावरची वासना गेली. लंगडणं दिसू नये म्हणून घरात कुणी असेपर्यंत त्या बसूनच राहायच्या.

आणि तांबडा. त्या दारात आल्या की तो मान खाली घालून, मानेची पिसं फुलवून तिरका तिरका पुढं यायचा. मंजुळाबाई उंबऱ्याच्या आतूनच ज्वारी फेकायच्या आणि दार लोटून घ्यायच्या.

सहाव्या दिवशी पुनमनं ते पाहिलं.

"दार काहून लावून राहिल्या, आत्याबाई?"

"वारं लई हाय."

पुनमनं बाहेर पाहिलं. पानही हलत नव्हतं. ती खाली बसली आणि काही न विचारता तिनं लुगड्याचा काठ वर केला. चिंधीतून पिवळं पाणी पाझरत होतं. लाली पोटरीपर्यंत चढली होती.

"कवाचं हे?"

मंजुळाबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, माझा पाय कापू देऊ नको."

वैजनाथनं त्यांना मोटारसायकलवर मधे बसवलं, मागून पुनमनं धरलं. आखाडा बाळापूरच्या डॉक्टरांनी जखम दाबून पू काढला, तेव्हा मंजुळाबाईंनी सुनेचा दंड इतका आवळला की वळ उठले. शुगर साडेतीनशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि लालीच्या कडेनं निळ्या पेनानं रेघ ओढली.

"ही रेघ लालीनं ओलांडली तर एक मिनिट थांबू नका. सरळ नांदेड. नाहीतर रोज इंजेक्शनला या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुनमनं पाय उजेडात धरला. लाली रेघेला टेकूनच होती. मंजुळाबाई बघायला तयार नव्हत्या, भिंतीकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "गेली का पल्याड?"

"न्हाई. अजून न्हाई."

"खोटं बोलून राहिली तू."

"खोटं कशाला बोलू? मीच भिऊन राहिले."

उकंडराव दारात उभे होते. आयुष्यभर बायकोवर ओरडलेल्या त्या माणसानं नांदेडसाठी पिशवीत दोन लुगडी आणि तांब्या भरून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत बोटभर सरली होती. मंजुळाबाईंनी स्वतः वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मग त्या हमसून रडल्या.

त्या आठवड्यात वैजनाथनं विचारलं, "बाजारात कोणते नेऊ?"

"तांबडा ने. काळा बी ने. ढवळा राहू दे, तो गरीब हाय." हे बोलताना त्यांनी परसाकडं पाहिलं नाही.

जखम भरायला दीड महिना गेला. कोंबड्यांच्या पाठीवर नवी पिसं आली, अंडी वाढली. मंजुळाबाई आता गोळी चुकवत नाहीत. ढवळ्यानं कधी कुणाला चोचही मारलेली नाही. तरी पहाटे तो आरवला की बाजेवर मंजुळाबाईंचा उजवा पाय आपोआप पोटाशी ओढला जातो, आणि त्या वाकळ घट्ट धरून उजाडायची वाट बघत राहतात.