एका खुर्चीला दोघं

थोरल्याला खुर्ची करायला धाकटा भाऊ लागायचाच. सांध्याला सरस लावून थोरल्याने पाय धरायचा, धाकट्याने ठोकायचा आणि सरस वाळेपर्यंत दोघांनी मनसोक्त टवाळक्या करायच्या. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी धाकट्याची नक्कल पुरी व्हायचीच. पैसा बेताचाच यायचा, पण काय हसायचे हो दोघं!

मग थोरल्याने मोठं घर घेतलं आणि त्याच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. एके सकाळी त्याने कामाच्या टेबलावर मधोमध खडूने रेघ ओढली.

"हे तुझं, हे माझं. आजपासून ज्याच्या खुर्च्या जास्त, त्याला पैसे जास्त."

"आणि पाय कोण धरणार?"

"पायाला लोखंडी शिकंजा आवळायचा. तो बोलत नाही, वेळ खात नाही."

झालं! खुर्च्या दुप्पट होऊ लागल्या, घराचे हप्ते फिटले. धाकटा मान खाली घालून राबायला लागला, दोन वर्षांत थोरल्याच्याही पुढे गेला आणि गोडीगुलाबीने वेगळा झाला. भांडण नाही, तंटा नाही. अहो, भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

थोरल्याकडे आता सगळं होतं, पण दुकानात दिवसभर बोलायला चिटपाखरू नव्हतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, हे कळायला त्या शहाण्याला पंधरा वर्षं लागली. शेवटी दुकानाला कुलूप घालून तो धाकट्याच्या कारखान्यात गेला.

"मला उद्यापासून तुझ्यापाशी काम करायचंय. पैसे नकोत."

धाकट्याचे डोळे भरून आले. "दादा, फुकट कसं? तू म्हणशील तो दर. आणि उद्या कशाला, आजच बस की!"

हाताला धरून त्याने थोरल्याला आत नेलं. कोपऱ्यातली खोली, भरपूर उजेड, नवंकोरं टेबल. बाहेर कारागिरांचा गलका चालला होता, कुणीतरी खदखदून हसत होतं.

"तू येशील म्हणून ही जागा कधीची रिकामी ठेवलीय," धाकटा म्हणाला. "इथे तुला कुणी बोलण्यात गुंतवणार नाही."

थोरल्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, त्यासाठीच तर आलोय! पण धाकट्याचा चेहरा मायेने इतका फुलला होता, की तो नुसतं "बरं" म्हणाला.

धाकट्याने जाताना दार अलगद ओढून घेतलं.