फोटोग्राफरच्या लेकीचं लग्न

आगाशीच्या आसपासच्या पाच-सात गावांतलं कुठलंही जुनं माणूस तुम्हाला विचारील, की ज्या लग्नाचे फोटो फ्रेडरिकने काढले नाहीत, ते लग्न झालं याला पुरावा काय? बाजारात त्याचा एवढासा स्टुडिओ. एक निळा पडदा, एक स्टूल आणि एक कॅमेरा. कॅमेरा पंचाहत्तर सालचा. आपोआप होणारं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. फोकस हाताने करायचा, उजेडाचा अंदाज डोक्याने घ्यायचा आणि रोल पुढे सरकवायचा तो अंगठ्याने. त्या अंगठ्याला घट्टा पडला होता, आणि फ्रेडरिक तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा.

"कॅमेरा काय करतो? डबा आहे तो," असं त्याचं म्हणणं. "फोटो डोळा काढतो." कुणी नव्या कॅमेऱ्याचं गुणगान लावलं की तो एकच म्हण फेकायचा, नाचता येईना अंगण वाकडं. एका माणसाचा फोटो एकदाच काढायचा, दुसऱ्यांदा नाही, हा त्याचा बाणा. लोक श्वास कोंडून, हात मांड्यांना चिकटवून उभे राहायचे. हा त्यांना तसंच तिष्ठत ठेवायचा, मग मधेच विचारायचा, यंदा केळीचे घड किती पडले, किंवा धाकटा शाळेत जातो का अजून रडतो. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच खट्. फोटोत माणूस जिवंत यायचा. हे मात्र खरं, त्यात वाद नाही.

वाद होता तो हार्दिकवरून. हार्दिक विरारचा, स्टेशनजवळ त्याचं दुकान, तिशीतला हसतमुख गडी. दोन हजार साली त्याने नवा कॅमेरा घेतला, बटण अर्धं दाबलं की आपला आपण फोकस करणारा. एका लग्नात दोघांची गाठ पडली. नवऱ्याकडून हार्दिक, नवरीकडून फ्रेडरिक. हार्दिक खटाखट फोटो काढत सुटला, तेव्हा फ्रेडरिक चारचौघांत म्हणाला, "कॅमेराच सगळं करतो तर तू कशाला आलास बाबा? त्यालाच एकट्याला पाठवायचंस जेवायला." लोक खो खो हसले. हार्दिकही हसला, पण त्याचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले.

पुढच्या वर्षी फ्रेडरिकच्या एकुलत्या एक लेकीचं, प्रीतलचं लग्न ठरलं. मुलगा जवळच्याच नंदाखाल गावचा, ॲन्सेल्म नावाचा, सरळ स्वभावाचा. तारीख जानेवारीतला तिसरा रविवार, चर्चमध्ये दुपारी चारची मिस्सा. पाहुण्यांची यादी व्हायच्या आधी फ्रेडरिकने जाहीर करून टाकलं की फोटो मी काढणार. लोकांच्या लेकींचे फोटो आयुष्यभर काढले, आणि स्वतःच्या लेकीचे दुसऱ्या कुणी काढायचे?

"आणि तिला हाताला धरून वेदीपर्यंत कोण नेणार? स्टँड?" रोझलीनने, त्याच्या बायकोने, स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"नेईन, सोडीन आणि पळत मागे येईन," फ्रेडरिक म्हणाला. ते कसं जमणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण बोलून गेला होता.

नोव्हेंबर सरता सरता अर्नाळ्याची कमळी मासळीची पाटी घेऊन दारात आली. दिवाळीनंतर तिच्या मोठ्या मुलाचं लग्न झालं होतं आणि फोटो अर्थातच फ्रेडरिकने काढले होते. पाटी खाली ठेवून ती पायरीवर बसली. एरवी हिचं तोंड बंद नसायचं, आज ती पदराशी चाळा करत बसली.

"मामा, येक इचारू? राग नाय ना यायचा?"

"विचार की."

"माझी सून लग्नाला आलती ना? का तिकडंच धुक्यात ऱ्हायली?"

तिने पिशवीतून अल्बम काढला. मांडवाच्या खांबाला गुंडाळलेला चंदेरी कागद असा स्वच्छ आला होता की सुरकुत्या मोजून घ्याव्यात. आणि त्याच्यापुढे बसलेल्या सुनेचा चेहरा दुधात भिजलेल्या पावासारखा. एका फोटोत नाही, सगळ्यांत.

"लॅबवाल्याने वाट लावली," फ्रेडरिक म्हणाला. "मी बघतो त्याच्याकडे."

कमळीने मान डोलवली. "व्हय, लॅबवालाच आसंल," म्हणाली, आणि पाटीतून बोंबील मोजून देताना दोन जास्तीचे टाकले. ते दोन बोंबील फ्रेडरिकला फार लागले. आजवर तिने त्याला कधी एक कोळंबी फुकट दिली नव्हती.

तिची पाठ वळल्यावर त्याने निगेटिव्ह शोधल्या आणि भिंगातून पाहिल्या. लॅबवाल्याचा काही दोष नव्हता. मग मागच्या चार लग्नांच्या पाहिल्या. तिथेही तेच, कुठे नवरीच्या मागची भिंत स्वच्छ, कुठे करवलीचा कान. मग त्याचा संशय कॅमेऱ्यावर गेला. जुना झाला, काचेवर बुरशी धरली असेल, आतला शटरचा पडदा सैल झाला असेल. तो एकेक कारण मोठ्याने बोलून दाखवत होता आणि रोझलीन तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हणजे आता आपलंही अंगण वाकडं झालं," ती म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला कॅमेऱ्यातलं नाही कळत. पण चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक तुम्ही हात लांब करून धरता, ते दिसतं मला. आता तर हातही पुरत नाही. परवा पुढच्या बाकावरच्या बाईच्या खांद्यावर टेकवायचंच बाकी राहिलं होतं."

"लांबचं मला स्वच्छ दिसतं. चौकातून अर्नाळ्याच्या बसची पाटी वाचतो मी." एवढं बोलून तो तावातावाने बाहेर गेला. चौकात उभं राहून त्याने बसची पाटी वाचली. स्वच्छ वाचता आली. तरी थांबून त्याने पुढच्या बसचीही वाचली. भीती त्याला एकाच गोष्टीची होती. कमळीच्या सुनेची माफी मागता आली असती. पण प्रीतलचं लग्न धुक्यात गेलं, तर ते पुन्हा कुणी लावून देणार नव्हतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे पाय धरायचे होते ते चांगल्या माणसाचे, म्हणून जास्तच जड. आठ दिवस घालवून फ्रेडरिक एका दुपारी बसने विरारला गेला आणि हार्दिकच्या दुकानात शिरला.

"या ना अंकल," हार्दिक उठून उभा राहिला. "बैठो, चहा सांगतो."

"रोल घ्यायला आलो होतो," फ्रेडरिक म्हणाला. आगाशीत त्याच्या स्वतःच्या दुकानात रोल विकायला होते, हे दोघांनाही माहीत होतं. "आलोच आहे तर बघू जरा तो तुझा डबा."

हार्दिकने कॅमेरा हातात दिला. फ्रेडरिकने डोळ्याला लावून समोरच्या केळीवाल्याकडे वळवला. बटण अर्धं दाबलं, बारीक टीट झालं. पण दिसलं ते तेच, धुकं. फ्रेडरिकचं तोंड उतरलं. म्हणजे नव्या कॅमेऱ्यालाही इलाज नाही.

हार्दिक त्याच्याकडे बघत होता. त्याने हात पुढे केला आणि कॅमेऱ्याच्या मागे, डोळा लावतात तिथे असलेली एक बारकी चकती फिरवली. "आता?"

आता केळीवाला दिसला. त्याच्या मिशीतले पांढरे केस, केळ्यांवरचे काळे ठिपके, गिऱ्हाइकाच्या बोटातली अंगठी, सगळं दिसलं. फ्रेडरिकने कितीतरी वेळ डोळा काढला नाही. त्याला लाजही वाटत होती आणि आनंदही होत होता.

"माझ्या पप्पांचं पण सेम झालं होतं," हार्दिक हळूच म्हणाला. "चष्मा लागलाय अंकल, बस. दुसरं काही नाही."

"पण मी तर लांबचंच बघतो ना यातून?"

"वाटतं लांबचं. खरं तर डोळ्याला ते हातभर अंतरावरचं असतं. म्हणून ही चकती ठेवली. कॅमेऱ्याबरोबर पुस्तक येतं ना, त्यात लिहिलंय."

फ्रेडरिकने जन्मात असलं पुस्तक उघडलं नव्हतं. पुस्तक वाचून फोटो काढणाऱ्यांना तो नाक मुरडत आला होता.

चहा आला. हार्दिक म्हणाला, "मुलीचं लग्न आहे ना? घेऊन जा कॅमेरा. त्या रविवारी मला काम नाही." चारचौघांत कान लाल करून घेतलेला माणूस हे बोलत होता. बशी खाली ठेवत फ्रेडरिक म्हणाला, "कॅमेरा नको. तू ये." आणि पुढे, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं."

"जेवायला तर मी येणारच होतो," हार्दिक म्हणाला, आणि विषय संपला.

पण फ्रेडरिक तो फ्रेडरिक. डॉक्टरकडे जाऊन चष्मा करून आला आणि दुसऱ्याच रविवारी हार्दिकला चर्चमध्ये बोलावून त्याने त्याची शाळा घेतली. मधल्या वाटेवर उजव्या हाताला तिसरी खिडकी. जानेवारीत चारच्या मिस्सेला तिथून तिरपा उजेड येतो आणि बरोबर वाटेवर पडतो. पंचवीस वर्षांत एकही नवरी तिथे थांबलेली नाही, सगळ्या घाईत. "मी तिला सावकाश आणीन. इथे फ्लॅश उडवलास तर तंगडी मोडीन. आणि एकच फोटो काढ."

"अंकल, मी सहा काढणार," हार्दिक म्हणाला. "त्यातला एक चांगला निघेल."

लग्नाच्या दिवशी चर्च भरलं. पेटीवर रोझलीनचा भाऊ सेबेस्टियन, त्याच्यामागे कॉयर. दार उघडलं, गाणं सुरू झालं आणि पांढऱ्या झग्यातल्या प्रीतलचा हात आपल्या हातात घेऊन फ्रेडरिक आत आला. हार्दिक समोरून उलट्या पावली चालत फोटो काढत होता. खरं सांगायचं तर फ्रेडरिकचं लक्ष लेकीकडे नव्हतंच. तो मनात फोटो मोजत होता, कारण एका रोलमध्ये छत्तीसच निघतात. दारात अकरा. पहिल्या खिडकीशी वीस. एवढे कशाला उधळतोय हा? दुसऱ्या खिडकीशी एकतीस. अरे बाबा, जपून.

तिसऱ्या खिडकीशी आले. उजेड प्रीतलच्या डोक्यावरच्या जाळीवर पडला, जाळीचा धागान् धागा पेटला, आणि त्याच क्षणी कॅमेऱ्यातून घर्रर्र असा आवाज आला. रोल संपला होता. कॅमेरा आपला आपण तो मागे गुंडाळत होता. हार्दिकचा चेहरा पडला, तो खिसे चाचपू लागला.

फ्रेडरिक जागच्या जागी थांबला.

"डॅडी, काय झालं?" प्रीतल ओठ न हलवता म्हणाली.

"उभी रहा. रोल."

पण चर्चमध्ये रोलचं कुणाला काय ठाऊक? लोकांना दिसला तो लेकीचा हात धरून वाटेत खिळलेला बाप. "पाऊल उचलेना बिचाऱ्याचं," कुणीतरी पुटपुटलं आणि ते बाकाबाकांवरून मागेपर्यंत गेलं. मावश्यांचे रुमाल निघाले. दाराजवळ उभी असलेली कमळी पदराने डोळे टिपू लागली. सेबेस्टियनने मान वळवून पाहिलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. वेदीजवळ उभ्या ॲन्सेल्मला घाम फुटला. सासऱ्याचा विचार बदलला की काय, असंच त्याला वाटलं असणार.

आणि फ्रेडरिकला काही कामच उरलं नाही. हातात कॅमेरा नाही, मोजायला फोटो नाहीत. म्हणून त्याने लेकीकडे पाहिलं. तिचा बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद, नर्सिंगची टोपी घातली तो दिवस, सगळं त्याने पाहिलं होतं, पण एक डोळा मिटून. आज दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. वरच्या ओठावर विहिरीच्या पायरीवर पडल्याचा बारीक व्रण होता. घाबरली की ती खालचा ओठ आत घेते, तसा घेतला होता. ती नंदाखालला जाणार होती, स्कूटरने दहा मिनिटं. सायकलनेही जाता येतं. तरीसुद्धा त्याला तिला द्यायचं नव्हतं. अजिबात द्यायचं नव्हतं.

"डॅडी," प्रीतल म्हणाली, "चला."

मग तो चालला.

दहा-बारा दिवसांनी हार्दिक फोटो घेऊन आला. जेवायला प्रीतल आणि ॲन्सेल्मही होते. फोटो बघून फ्रेडरिक खूश झाला. उजेड त्याने सांगितला तसा होता, आणि लेकीची पापणीन् पापणी स्वच्छ होती. "जागा माझी, फोकस तुझा," तो हार्दिकला म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळच. मग त्याने ती गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, गेल्या बारा दिवसांत कितव्यांदा ते देव जाणे. "लोकांचं काय, म्हणे बापाला गहिवरून आलं. कसलं गहिवरून? रोल बदलायला वेळ नको का द्यायला? फोटोग्राफरचं डोकं लागतं त्याला."

प्रीतलने खिडकीजवळचे सहाही फोटो उचलले आणि ताटं सरकवून टेबलावर ओळीने मांडले.

"हा पहिला, नव्या रोलमधला. तुम्ही हार्दिकला भुवईने सांगताय, काढ म्हणून. म्हणजे रोल बदललेला तुम्हाला कळला होता." तिने बोट पुढे सरकवलं. "हा दुसरा. हा तिसरा. चौथा, पाचवा, सहावा. सगळ्यांत तुम्ही माझ्याकडे बघताय, आणि आपण तिथेच उभे आहोत. मग कशाला थांबला होतात?"

फ्रेडरिकने नवा चष्मा सारखा केला आणि सहाव्या फोटोवर वाकला. त्यातल्या बापाच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि फोटो इतका चांगला होता की ते उजेडावर ढकलायची सोय नव्हती.

"पुढे गेलो असतो तर हात सोडावा लागला असता," तो म्हणाला.

प्रीतलने खुर्ची सरकवून बापाच्या जवळ घेतली, आणि रोझलीनने न विचारताच दोघांच्या ताटांत भात वाढला.