तिळाएवढा टाका

दर गुरुवारी बसनं तीन तास जायचं आणि तीन तास यायचं. एवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि शेजारच्या बाईची सुखदुःखं ऐकणं तर त्याहून नाही. म्हणून मी शिवत बसते. गोधडीचे तळहाताएवढे चौकोन घरीच कापून घ्यायचे. बारा सुयांत दोराही घरीच ओवून त्या फडक्यात टोचून ठेवायच्या, कारण बसच्या धक्क्यात सुई ओवायला गेलं की देव आठवतो. सगळं एका पत्र्याच्या डब्यात मावतं. डबा ताईचा, युक्त्याही तिच्याच.

ताईनं तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. मला हातशिलाई तिनंच शिकवली, म्हणजे जितकी मी शिकले तितकी. टाका तिळाएवढा हवा, हे तिचं ठरलेलं वाक्य. माझा हात घिसाडघाईचा. मी चार चौकोन जोडून दाखवले की ती चष्म्यावरून बघायची आणि सगळं उसवून माझ्या मांडीवर टाकायची. कित्येकदा वाटायचं, हिच्या हातातली सुई हिलाच टोचावी.

आता ती ज्या शुश्रूषागृहात असते तिथे सुई-कात्री दारातच काढून घेतात. विसरण्याचा आजार आहे तिला. दोन वर्षं झाली, ती मला ओळखत नाही. मी कोण विचारलं तर कधी नर्स म्हणते, कधी शेजारीण. पण बसमध्ये जोडलेली पट्टी हातात दिली की खिडकीपाशी धरून बघायची, नाक मुरडायची आणि नखांनी उसवायला बसायची. माझी तीन तासांची मेहनत पाण्यात. सुरुवातीला मी जाम चिडले. आजारी बाईवर काय चिडायचं, पण चिडले.

मग एकदा मी तिच्या सुनेनं जोडलेली पट्टी नेली. पोरीचा हात सुबक. ताईनं ती कुरवाळली आणि बाजूला ठेवून दिली. उसवलं ते फक्त माझं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी वेड्यासारखी एकटीच हसत होते. नाव विसरली, चेहरा विसरली, पण माझा वाईट टाका तिला अजून सहन होत नव्हता. तेव्हापासून गोधडी इंचभर वाढली नाही. मी जोडायचं, तिनं सोडवायचं. मावशी, ही गोधडी पुरी कधी व्हायची, असं सुनेनं विचारलं. मी म्हटलं, नाही झाली तरी चालेल.

गेल्या महिन्यात ती अर्धंच उसवायला लागली. मग दोन-चार टाके. गेल्या गुरुवारी एकच. म्हणून या खेपेला मी मुद्दाम भिकार शिवलं. बोटाच्या पेराएवढे टाके, एक इकडे तर एक तिकडे, कडा जुळवल्या नाहीत, गाठ ठेवली वरच्या बाजूला. असलं काम बघून एकेकाळी तिला घास गेला नसता.

तिनं पट्टी खिडकीपाशी धरली. मी तिच्या नखांकडे बघत राहिले. गाठीवरून तिचं बोट फिरलं, थांबलं. मग तिनं कडेला कड लावून पट्टीची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्ही शिवलंत?" ती म्हणाली. "छान हात आहे हो तुमचा."

"ताई, नीट बघ गं," मी म्हटलं. "उसव ते. बोल मला."

ती हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी. मग जेवणाची वेळ झाली म्हणून नर्स तिला घेऊन गेली.

परतीच्या बसमध्ये मी ती पट्टी स्वतःच उसवायला घेतली. टाके इतके मोठे होते की पहिला थांबा यायच्या आत सगळं सुटलं. डब्यात ओवलेल्या सुया होत्या, चौकोनही होते. पण उरलेला रस्ता मी रिकाम्या हातांनी बसून काढला.